पावसाला न भिणारी लेन्स

दुकानदाराने तिसरी लेन्स समोर ठेवली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

"अहो, ह्या पिशवीत आधीच्या दोन आहेत, त्यांचं काय लोणचं घालायचं?"

ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लेन्स कॅमेऱ्याला लावून आधी गल्ल्यावरचं घड्याळ बघितलं, मग रस्त्यापलीकडचं मांजर.

"जवळचं, लांबचं, दोन्ही हिच्यातच? म्हणजे सारखी बदलायला नको. आणि पावसाचं काय?"

"बिनधास्त वापरा, काका. कॅमेरा तुमचा तसा आहेच, आता लेन्सही पावसाला दाद देणार नाही."

ह्यांचे फोटो म्हणजे मांजरं, गंजलेली दारं आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. त्यांच्यासाठी एवढी महागडी लेन्स! पण हौसेला मोल नसतं म्हणतात. ह्यांनी पैसे मोजले.

बाहेर पडलो तर भुरभुर लागलेली. कोपऱ्यावर एक सायकल भिजून चकाकत होती. ह्यांनी लगेच कॅमेरा काढला. मीही नेहमीसारखी जुन्या लेन्सची पिशवी काखेत दाबली, छत्री उघडली आणि कॅमेऱ्यावर धरली. इतकी वर्षं आम्ही असेच फिरतोय. कॅमेरा कोरडा, माझा डावा खांदा ओला.

ह्यांनी माझ्या काखेतली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. मग छत्रीचा दांडा धरून ती माझ्या डोक्यावर सरकवली.

"आता कॅमेऱ्याला छत्री नको. म्हणून तर ही लेन्स घेतली."