चौथी तार

छोट्या गिटारसारख्या युकुलेलेला नुकतीच चढवलेली चौथी तार तिने एकदा छेडली, तिच्यावरून बोट सरकवलं आणि मान हलवली. "ही नको."

दुकानदाराला ते जरा लागलंच. तंतुवाद्यं दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. वादक मंडळी त्याला कानसेन म्हणत. कुणी खालच्या पट्टीतला 'जी' सूर मागितला की तो डोळे झाकून हीच तार काढून द्यायचा. धातूचा बारीक वेढा दिलेली, भरदार आवाजाची. आणि ही बाई, गळ्यात अजून शिवणकामाची मोजपट्टी, नको म्हणते.

"अहो ताई, याहून गोड तार मिळायची नाही."

"गोड आहे हो. पण बोट सरकलं की चिरकते." तिने पुन्हा सरकवून दाखवलं. किर्र झालं. "माझी भाची सातव्या महिन्यातच झाली. काचेच्या पेटीत आहे. एवढ्याशानेही दचकते. तिची आई अजून अंथरुणात, म्हणून मी जाते. डॉक्टरांनी रोज दहा मिनिटं वाजवू दिलंय."

"मग नेहमीचा वरच्या पट्टीतला 'जी' काय वाईट?"

"चार दिवस तोच वाजवला. तो आणि तिथल्या मशीनचा अलार्म अगदी सारखे. सिस्टर दोनदा धावत आल्या. म्हणाल्या, सूर खाली आणा, नाहीतर उद्यापासून बंद."

कानसेनने मग खण उपसला. बिनवेढ्याच्या गुळगुळीत तारा होत्या, पण त्या कुणी मागत नसे. पहिली बारीक निघाली. सैल पडून लाकडावर फडफडली. दुसरी चांगली जाड होती, खाचेत बसेना. त्याने कानस घेऊन खाच हळूहळू रुंद केली, तार बसवली, सुरात आणली.

"आवाज जरा दबकाच," तो म्हणाला.

"तसाच हवाय." तिने बोट वर-खाली फिरवलं. आता किर्र झालं नाही. मग मोबाइल काउंटरवर ठेवला. त्यात तिने तो अलार्म भरून आणला होता. "तुम्ही दाराशी उभे राहा. सिस्टरांचं टेबल तेवढंच लांब आहे. अलार्म ऐकू आला नाही तर हात वर करा."

कानसेन दाराशी जाऊन उभा राहिला. मोबाइलवर अलार्म लावून ती वाजवू लागली. साधीच चाल, चार-पाच सुरांची, पण एकही सूर दुसऱ्याला धक्का देत नव्हता. त्याचं मन तिकडे ओढ घेत होतं, तरी सांगितल्याप्रमाणे तो अलार्मच ऐकत राहिला. प्रत्येक वेळी तो तिच्या सुरांच्या वरून स्वच्छ ऐकू आला. इतका विचार करून तार निवडणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, आणि त्याच्याकडे नावाजलेले वादक येत असत.

तो काउंटरपाशी परतला तेव्हा ती पिशवीतल्या छोट्या कात्रीने तारेचं उरलेलं टोक कापत होती.

"इतक्या लहान जिवाला काही कळतं का हो?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "पण मी वाजवायला लागले की मशीनवर तिचे ठोके जरा सावकाश पडतात."