मर्यादेच्या वर

"इथं सही करा," ती म्हणाली. "आणि इथं. तारीख मी घालते."

तो बस ड्रायव्हर. रस्त्यावरचा खड्डा अन् खड्डा पाठ, पण कागद समोर आला की घाम फुटायचा. कागदांचं सगळं बायकोकडं. ती घरकुल कार्यालयाच्या दाराशी टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून द्यायची.

"पण हा घटस्फोटाचा कागद आहे गं. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगणार कोण? हे बघा." तिनं छापील तक्ता उलगडून एका आकड्यावर बोट ठेवलं. "घरकुलाला महिन्याच्या मिळकतीची मर्यादा तीस हजार. आपलं दोघांचं मिळून तेहतीस होतं. तुम्ही वजा झालात की माझे नऊच उरतात. मी आणि मुली, डोळे झाकून पात्र."

"आणि किल्ल्या मिळाल्यावर?"

"आधी मिळू तर देत."

वर्षअखेर खोली रिकामी करा, असं घरमालकानं बजावलं होतं. एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळणं शक्य नव्हतं. तो हसला. "सरकारला आवळा देऊन कोहळा काढतेस की!" म्हणत त्यानं सह्या ठोकल्या. मुली आईकडे राहतील, याच्याखालीसुद्धा.

तसा तो फार काळजीवाला. ती कामाला त्याच्याच बसनं जायची, त्याच्याच बसनं परतायची. डावीकडची तिसरी सीट तिची; तिथं ती आरशात नीट दिसायची. शेजारी कुणी पुरुष बसला, तर तो कोण, काय बोलला, याची उजळणी रात्रीचं जेवण उरकेपर्यंत चालायची. मोबाइल त्यानं तिला घेऊ दिला नव्हता. नवरा असताना बाईला मोबाइल कशाला?

कोर्टाचा शिक्का बसला आणि तो डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत राहायला गेला. घर तपासायला कधीही माणूस येतो, तुमची चप्पलसुद्धा दिसायला नको, असं तिनं बजावलं होतं. एकत्र दिसायला नको म्हणून ती दुसऱ्या बसनं जाऊ लागली.

खोलीत आठ खाटा, एक पंखा आणि एकच खिडकी, तीही भिंतीकडं तोंड करून. त्याचा जीव गुदमरायचा. आरशात बघावं तर तिसऱ्या सीटवर भलतंच कुणीतरी. एका आकड्यानं आपली मानगूट धरली आहे, असं त्याला वाटायचं. एकदा न राहवून तो घरी गेला, तर तिनं अर्ध्या उघड्या दारातूनच परतवलं.

"शेजारी बघतायत. एवढ्याशासाठी हातचं घर जाईल."

तो आल्या पावली डेपोत परतला.

सात महिन्यांनी घर लागलं. दोन खोल्या, स्वतंत्र नळ. ही बातमी त्याला बसच्या कंडक्टरकडून कळली. तिच्या निरोपाची वाट बघण्यात महिना गेला. शेवटी सुट्टीच्या दिवशी दाढी करून तो कार्यालयात गेला. बाहेर तिचं टेबल होतं, पण ती जेवायला गेली होती.

"साहेब, एका मित्राचं विचारायचंय," तो कारकुनाला हळूच म्हणाला. "मिळकत जास्त होती म्हणून त्याचं नाव कुटुंबातून काढलं होतं. आता परत घालता येईल का?"

"घरात माणसं किती?"

"त्याला धरून चार."

"मिळकत?"

"तेहतीस हजार."

"मग नाव काढलं कशाला?" कारकून म्हणाला. "चौघांना चाळीसची मर्यादा आहे. तुमचा मित्र पहिल्या दिवसापासून पात्र होता."

"पण... मर्यादा तीसची ना?"

"ती दोन माणसांना. माणसं वाढली की मर्यादा वाढते."

त्याला जरा हायसं वाटलं. "म्हणजे त्याच्या बायकोची तक्ता वाचताना चूक झाली असणार."

"होते हो लोकांची चूक," कारकून म्हणाला. "म्हणून तर आम्ही सगळ्यांना सांगतो, बाहेरच्या टेबलावरच्या बाईंकडून अर्ज भरून घ्या. अकरा वर्षांत त्यांची एक ओळ चुकलेली नाही."