सबब

“‘हा भाग लिहिणाऱ्याने कायद्याचं पुस्तक उशाला घेतलं असेल, उघडलेलं नाही,’” फळवाल्या बाईंनी वाचलं आणि मान वर केली. “हे मी म्हणत नाही. परीक्षक म्हणतोय.”

“परीक्षक शहाणा दिसतो,” रसायनवाल्या मॅडम म्हणाल्या.

वकीलसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते कोर्टात कधी उभे राहिले नव्हते, कायदा फक्त शिकवत होते. पण वाद घालायची खोड अशी, की सगळं विद्यापीठ त्यांना वकीलसाहेबच म्हणायचं. अवकाशात जाऊन आलेल्या बियाण्यावर हक्क कुणाचा, या विषयात देशात आपल्यासारखा जाणकार नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. आज मात्र ते पाठ फिरवून होते.

चार खात्यांचा मिळून एक लेख, आणि चौघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. अवकाशातून परत आलेल्या बियांपासून फळवाल्या बाईंनी तीन झाडं वाढवली होती. त्यांची फळं तोडल्यावरही आठवडेच्या आठवडे मऊ पडत नव्हती. झाडांचं वर्णन बाईंनी लिहिलं, अवकाशात बियांचं काय झालं ते अवकाशवाल्या सरांनी, फळाच्या आत काय झालं ते रसायनवाल्या मॅडमनी, आणि असलं झाड कुणाच्या मालकीचं ते वकीलसाहेबांनी. दुसऱ्याचा भाग कुणीच वाचला नाही. वाचला तर त्याला मान दिल्यासारखं झालं असतं! चारी भाग जोडून पाठवायचं काम मॅडमनी केलं; संपादकांकडे नाव फक्त त्यांचं होतं. त्या फळवाल्या बाईंच्या सख्ख्या नणंद. त्यामुळे घरातलं भांडण प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतलं घरात, अशी ने-आण बारमाही चालू असे.

खिडकीबाहेर ती तीन झाडं होती. खोडांवर लाल फुल्या मारलेल्या. तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. महिनाअखेरपर्यंत लेख मंजूर झाला तरच झाडं राहतील, असं कुलगुरूंनी बजावलं होतं, आणि महिना आज संपत होता. दोन परीक्षकांनी लेख मंजूर केला, तिसऱ्याने धुळीला मिळवला. लेख कुणाचा ते परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षक कोण ते लेखकांना, अशी रीत. संपादकांनी सकाळी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: तिसऱ्याने स्वतः, कारण देऊन, शेरे मागे घेतले तरच काही होईल. नाहीतर नवा परीक्षक, म्हणजे आणखी सहा महिने.

“पुढे वाचा,” अवकाशवाले सर म्हणाले. त्यांना मजा येत होती.

“‘एक ना धड, भाराभर चिंध्या. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. कशामुळे काय, याचा पत्ता नाही.’” फळवाल्या बाईंचा आवाज चिरकला. “ऐकताय ना, वकीलसाहेब? तुमच्यामुळे माझी झाडं जाणार. अख्खी नोकरी घातली मी त्यांच्यात. यंदा कुठे भरपूर फळ धरलंय हो!”

“वहिनी, यांच्यापुढे रडून काय उपयोग?” मॅडम म्हणाल्या.

वकीलसाहेब वळले. “माझ्या लिखाणाला हात कुणी लावला?”

“मी. लावावाच लागला. पानोपानी सबब! सबब हे, सबब ते. उशिरा येणारी पोरं सांगतात सबबी. शास्त्राच्या लेखात कशाला? सगळ्या काढून टाकल्या.”

“अहो, सबब म्हणजे ‘म्हणून’!” वकीलसाहेब ओरडले. “कायद्यात सबब म्हणजे म्हणून! सगळा सांधाच उपटलात तुम्ही. मग मला तरी कसं ओळखू—”

ते अर्ध्यावर थांबले.

फळवाल्या बाई हातातल्या परीक्षणाकडे बघत होत्या. शेवटची ओळ वाचायची राहिली होती. ती त्यांनी सावकाश वाचली. “‘सबब, हा लेख नाकारण्यात यावा.’”

“तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मला वाटलं, शेजारच्या विद्यापीठातल्यांचा लेख. त्यांच्याही बिया त्याच यानातून गेल्या होत्या. आणि असली तुटकी वाक्यं तेच लिहितात.”

“माझ्या झाडांचं वर्णन होतं त्यात. पानंच्या पानं.”

“ते मी वाचलं नाही. माझा विषय नाही.”

अवकाशवाले सर खदाखदा हसले. “आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! सांगा आता संपादकांना, लेख माझाच होता म्हणून.”

“सांगितलं की नवा परीक्षक नेमतील,” वकीलसाहेब म्हणाले. “पुन्हा सहा महिने.”

बाहेर करवतवाले येऊन गाडीतून दोर उतरवत होते. फळवाल्या बाई भांडायच्या थांबल्या. त्यांनी कपाटावरची टोपली काढली. “फळं तेवढी उतरवून घेते,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी एवढं हळू बोललं नव्हतं.

वकीलसाहेबांनी फोन लावला.

“तिसरा परीक्षक बोलतोय. माझे सगळे शेरे मी मागे घेतो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी तिघांकडे पाहिलं. हसायला कोण टपलंय ते बघत असावेत. दोघं टपलेच होते. फळवाल्या बाई दारात थांबल्या होत्या.

“कारण?” वकीलसाहेब म्हणाले. “लिहून घ्या. परीक्षकाला कायदा कळत नाही.”