लाहाईचे कान

मेहुणा जुसू मेंढ्याचं दावं सोडायला लागला, तसा लाहाई मनात चरफडला. ईदेसाठी वर्षभर पोसलेला मेंढा! पण तोंडावरची माशी त्याने हलू दिली नाही. बहिऱ्या माणसाला काय कळणार?

पावसाच्या तोंडावर त्याला उंदरांच्या तापाने गाठलं होतं. केनेमा शहरातल्या इस्पितळातून तो जिवंत परतला, पण ताप उतरता उतरता दोन्ही कान घेऊन गेला. त्या तापाची खोडच तशी. "काहींचं ऐकणं परत येतं, काहींचं येत नाही," नर्सने त्याच्या बायकोला, बैंदूला, सांगून ठेवलं होतं.

लाहाईचं परत आलं. एका संध्याकाळी बैंदू कालवणासाठी कसाव्याचा पाला कुटत होती. आधी त्याला मुसळाचा धपधप आवाज आला, मग तिचा. उभ्या संसारात ही बाई त्याच्याशी कधी गोड बोलली नव्हती. अहो-जाहो करून शिव्या घालायची. आणि आता उखळात बघत म्हणत होती, "तू गेला असतास तर मी भांडले असते कुणाशी रे? इस्पितळाच्या दारात बसून अल्लाला म्हटलं, हवं तर माझी जीभ घे, पण माझा माणूस परत दे."

'येतंय गं ऐकू,' हे शब्द लाहाईच्या ओठांवर आले. त्याने ते गिळून टाकले. सांगितलं की हे बंद! तेव्हापासून गडी रोज संध्याकाळी उखळापाशी येऊन बसे, शून्यात नजर लावून. दिवसभर शिव्या, संध्याकाळी मध.

"खुशाल ने रे," बैंदू आता भावाला सांगत होती. "बहिऱ्याला काय करायचंय मेंढ्याचं बें-बें? आणि ती सायकलही ने. घंटी तरी कुठं ऐकू येतेय यांना?"

"सायकलला हात लावलास तर तंगडं मोडीन!" लाहाई गरजला.

जुसू पोट धरून हसत सुटला. हसत हसतच त्याने मेंढा पुन्हा खुंटीला बांधला आणि घरची वाट धरली.

लाहाई पुरता ओशाळला. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. तुमच्या आईला मी मुद्दाम नावं ठेवली, तर तुमच्या नाकपुड्या फुगल्या."

लाहाईने हळूच विचारलं, "म्हणजे रोज संध्याकाळी जे बोलायचीस... ते मी ऐकतोय, हे ठाऊक होतं तुला?"

बैंदूने त्याच्याकडे पाठ केली. पाला उखळात टाकला, मुसळ उचललं.

"मग काय मुसळाशी बोलत होते? माझं झालं बोलून. आता मी होते बहिरी, तुम्ही बोला."