घोंगडीवरची जागा

"हे आत नेता येणार नाही," लोकसभेच्या दारातला पहारेकरी म्हणाला.

हंबीरराव गुरुजींनी खांद्यावरची काळी घोंगडी अंगाभोवती लपेटून घेतली. "थंडी आहे, बाबा. तू कोट घातलास, मी ही घातली," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. पहारेकरी हसला आणि बाजूला झाला.

माणदेशानं निवडून दिलेल्या या मास्तराची जागा सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड होती. गुरुजींनी बाकावर घोंगडी अंथरली. अर्धी आपल्याखाली, अर्धी शेजारी मोकळी. पलीकडं सांगलीकडचे खासदार धनपाल बसले होते. ते बघतच राहिले.

"काय गुरुजी, सरकारी गादी टोचाय लागली व्हय?"

"गादीवर बसून बघितलं, धनपाल. काम हुईना."

घोंगडी म्हसवडच्या हरणाबाईची होती. तिचा नवरा नाथाजी बांगलादेशच्या लढाईवर गेला, तो आलाच नाही. मेल्याची तार नाही, कैदेत असल्याची खबर नाही. बेपत्ता. पगार बंद झाला. पेन्शन मागायला गेली, तर साहेब म्हणाले, नवरा मेल्याचा दाखला आण. तेव्हापासून ती मेंढरांच्या लोकरीवर घर ओढत होती, आणि रोज सकाळी कुंकवाची डबी उघडून क्षणभर थांबत होती.

मागच्या अधिवेशनात गुरुजींनी तिचा प्रश्न विचारला होता. मंत्री म्हणाले, सरकार सहानुभूतीनं विचार करील. गुरुजींना तो दिलेला शब्द वाटला. एस.टी. धरून ते थेट म्हसवडला गेले आणि "काम झालं, बाई" असं सांगून आले. हरणाबाईनं सिद्धनाथाला नारळ फोडला. पुढं काहीच झालं नाही.

या खेपेला दिल्लीला निघण्याआधी गुरुजी मान खाली घालून तिच्या दारात गेले, तेव्हा ती भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गुर्जी, त्ये मंत्री तसं म्हणालं, तवा बसलं हुतं का हुबं?"

"तिथं सगळी उभं राहूनच बोलत्यात."

"मंग कसं खरं व्हायचं, गुर्जी? हुब्या मानसाचा एक पाय निघालेलाच असतोय." आणि तिनं वलणीवरची घोंगडी काढून त्यांच्या हातात दिली.

तिच्या धनगरवाड्यात तंटा मिटायचा तो घोंगडीवर बसून. तिथं दिलेला शब्द कुणी मोडला, तर पुन्हा त्याला कुणी शेजारी बसवून घेत नसे.

प्रश्न सुरू झाले. गुरुजींनी हात वर केला. अध्यक्षांची नजर खांबापर्यंत आली आणि माघारी गेली. शाळेत असताना गुरुजी पहिला प्रश्न नेहमी मागच्या बाकाला विचारत. पुढची पोरं आपोआप शिकतात, मागच्यांना हाक मारावी लागते, असं त्यांचं म्हणणं. इथली रीत वेगळी होती. त्यांनी हात खाली घेतलाच नाही. खांदा भरून आला, तेव्हा कुठं अध्यक्षांनी त्यांचं नाव घेतलं.

"अध्यक्ष महाराज, लढाईवर गेलेला माणूस आहे की नाही, हे सरकारलाच ठाऊक नाही. मग पगार बंद करताना तो मेला असं कसं धरलं? आणि मेला असं धरलं, तर त्याच्या बायकोला पेन्शन का नाही? हे एकट्या म्हसवडचं दुखणं नव्हे. पंजाबात, केरळात, जिथून जिथून जवान गेले, तिथं अशा बाया वाट बघत बसल्यात. पत्ता लागेपर्यंत त्यांच्या घरी पगार चालू ठेवा."

मंत्री उठले. सरकार सहानुभूतीनं विचार करील, म्हणाले. बाकं वाजली.

जेवणाच्या सुट्टीत मंत्री स्वतः मागच्या बाकापर्यंत चालत आले. माणूस वाईट नव्हता. "गुरुजी, मनाला लागेल असं बोललात. या अधिवेशनातच करून टाकू. शब्द देतो," असं म्हणत ते शेजारच्या मोकळ्या जागेवर बसायला वाकले.

"थांबा, साहेब," गुरुजी म्हणाले. "आधी सांगतो, मग बसा. ही त्याच बाईची घोंगडी आहे. आमच्याकडं हिच्यावर बसून दिलेला शब्द मोडता येत नाही. तुम्ही बसलात, की मी तिला तसं कळवणार."

मंत्री अर्धे वाकले होते, तसेच राहिले. एक हात बाकाच्या पाठीवर होता. त्यांनी त्या काळ्या लोकरीकडं पाहिलं. मग सावकाश सरळ झाले.

"अर्थखात्याला विचारावं लागेल," ते म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि निघाले.

धनपालांनी कपाळाला हात लावला. "सांगितलंसा कशाला, गुरुजी? बसत हुता की गडी."

"न सांगता बसवला असता, तर नुसता बाकावर बसला असता."

"आन् आता? गेला न्हवं?"

"गेला. पर आपण हुबा हाय, ह्ये आज त्याला कळलं."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सभासद आत येऊ लागले. धनपालांनी आपल्या हातातले कागद घोंगडीच्या मोकळ्या बाजूवर ठेवले. गुरुजींनी ते उचलून त्यांच्या मांडीवर परत दिले, तळव्यानं घोंगडीची सुरकुती काढली.

"तिथं नको. जागा धरलीय," ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला.