पुसलेली खूण

“बाहेर!” रेषापंच ओरडला आणि इल्हामने रॅकेट उंचावली. सामना संपला होता. राबातच्या स्पर्धेत मोरोक्कोच्या खेळाडूसाठी राखलेला एकमेव प्रवेश चौतिसाव्या वर्षी तिच्या हातात आला होता. आज हरले तर टेनिस सोडेन, असं तिने घरी सांगून टाकलं होतं.

पायाजवळ लाल मातीत चेंडूची खूण होती. रेषेच्या बाहेर, चांगली दोन बोटं. जाळीकडे वळता वळता तिने बुटाने ती पुसली. ती लहानाची मोठी झाली त्या खुरीबगाच्या खाणवस्तीत एकच कोर्ट होतं आणि माती सारखी करायला माणूस नव्हता. जुन्या खुणांवरून भांडणं नकोत म्हणून तिथल्या पोरी प्रत्येक पॉइंटनंतर खूण पुसायच्या. इल्हामचा पाय ते विसरला नव्हता.

पलीकडे हिबाने बोट वर केलं होतं. तिला खूण तपासून हवी होती.

पंच खुर्चीवरून उतरून आले आणि रेषेपाशी थबकले.

“खूण कुठंय?”

इल्हामने खाली पाहिलं. तिथे फक्त बुटाचा फराटा होता.

“तपासायच्या आत पुसलीत, म्हणजे चेंडू आत पडल्याचं मान्य केलंत,” पंच म्हणाले. “पॉइंट हिबाचा. ड्यूस.”

प्रेक्षकांनी शिट्ट्या सुरू केल्या. “लबाड!” वरच्या रांगेतून एक बाई ओरडली, “एवढी पुसायची हौस असेल तर घरी जाऊन फरशी पूस, लाल्ला!” ‘लाल्ला’ म्हणजे बाईसाहेब, पण इथे तो टोमणा होता.

इल्हाम जाळीपाशी गेली. हिबा सतरा वर्षांची होती. गेली चार वर्षं रोज सकाळी इल्हामच तिला शिकवत होती.

“हिबा, चेंडू कुठे पडला ते सांग त्यांना.”

“हिने बाहेर म्हटलं तर मला चालेल,” पंच म्हणाले.

हिबा रॅकेटच्या तारा सरळ करत राहिली. “मला नाही दिसला, लाल्ला.”

पुढची सर्व्हिस जाळीत गेली. त्यापुढचीही. प्रत्येक चुकीवर टाळ्या पडत होत्या आणि इल्हामचा हात जड होत गेला. तो गेम गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. शेवटचा सेट सात-पाच, हिबाचा. हिबाच्या आईने आणि मावश्यांनी जिभा वळवून लग्नघरासारख्या ललकाऱ्या घातल्या.

हात मिळवायला हिबा जाळीपाशी आली.

“चेंडू बाहेर होता. मला दिसला होता. मी उगाच बोट वर केलं, आणि मग खोटं बोलले. आत्ता जाऊन सांगते त्यांना.”

“निकाल लागला, पोरी. आता काही बदलत नाही.”

“मग मंगळवारी स्पर्धा सुरू होईल तेव्हा मी कोर्टवर उतरणारच नाही. मला हा प्रवेश नको.”

ती खरंच उतरली नसती. इल्हाम तिला ओळखत होती. वर शिट्ट्या अजून थांबल्या नव्हत्या. इल्हामने तिची मान धरून तिला जवळ ओढलं.

“खुळे, तुला एवढ्या लांबून काय दिसणार? रेषेला टेकला होता. म्हणून तर खूण पुसली मी.”