शिंकांच्या गोळ्या

तिने घरून आणलेली तिन्ही औषधं औषधवाल्याने काउंटरवर ओळीने मांडली. शिंकांच्या गोळ्या, सर्दीचं सिरप आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी.

"बाई, नावं तीन आहेत, पण गुंगीचं औषध तिन्हींत आहे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात चढतं ते. कोणी दिलं?"

कोणीच नाही. बापाने उभा जन्म गॅरेजात गाड्यांवर रंगाचे फवारे मारले. नाक कायम वाहतं. शिंक आली की गोळी, हा नेम. हल्ली घेतलेली विसरून तो पुन्हा घ्यायचा. सिरपने नाक मोकळं झालं, पण रक्तदाब चढला, लघवी तुंबली.

म्हाताऱ्याची बुद्धी गेली, असं सगळेच धरून चालले होते. भावाने हात टेकले, तिला बोलावलं. ती आली ती चार महिने राहिलीच.

बाप तिला अक्का म्हणायचा. अक्का ही त्याची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली. लेकीने भरवलं की तो शहाण्यासारखा खायचा, "अक्का, तू आहेस म्हणून मी आहे," म्हणायचा. ती हसून मान हलवायची. एकदा तरी त्याने आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

"हे बंद केलं तर ओळखतील मला?"

औषधवाला म्हणाला, डॉक्टरांना विचारून बंद करा, पंधरा दिवस वाट बघा. चिडतील, सोसावं लागेल.

"सोसायची सवय आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. भाऊ मात्र फोनवर चाचरला. "ताई, आहे ते काय वाईट आहे? बघ बाई." कामचुकार तो कामचुकारच, असं मनात म्हणत तिने फोन ठेवला.

पहिला आठवडा बापाने घर डोक्यावर घेतलं. गादीखाली गोळ्या शोधल्या, अक्काला चोर ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने वार बरोबर सांगितला. खिडकीतून शेजाऱ्याची गाडी पाहून म्हणाला, "डाव्या दाराला रंगाचा ओघळ आलाय. कुणा गाढवाने मारलाय?" ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

सोळाव्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. नजर स्वच्छ होती. मग त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली.

"हो बाबा, मीच."

"पळून गेलीस त्याच दिवशी सांगितलं होतं, या घराला मुलगी नाही," तो शांतपणे म्हणाला. "आत कोणी घेतलं तुला?"